विश्लेषण : सर्व्हर सुरू, तरीही निकाल दिसेना... दारावरची ‘नोंदवही’ भरते तेव्हा नेमके काय होते?

दहावीचा निकाल दुपारी एक वाजता जाहीर होतो आणि एक वाजून एका मिनिटाने मोबाइलच्या पडद्यावर गोल चक्र फिरू लागते. हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगावपासून मुंबईपर्यंत हा अनुभव सारखाच. ‘सर्व्हर बसला’ एवढे म्हणून विषय संपवला जातो. पण अनेकदा सर्व्हर बसलेला नसतोच, उलट त्याला पुरेसे काम मिळत नसते. अडते ते त्याच्या अलीकडे. कोणाची विनंती कोणत्या सर्व्हरकडे पाठवली, हे लक्षात ठेवणारी एक नोंदवही दारावर असते आणि ती भरलेली असते. ‘कनेक्शन ट्रॅकिंग’ आणि ‘अ‍ॅड्रेस ट्रान्सलेशन’ या नावांनी ओळखली जाणारी ही व्यवस्था काय आहे, ती कुठे तुटते आणि तिचा फटका खेड्यातल्या मोबाइलधारकाला अधिक का बसू शकतो, याविषयी...

हा विषय महत्त्वाचा का?

१६ जुलै २०२१ रोजी राज्य मंडळाचा दहावीचा निकाल ऑनलाइन जाहीर झाला. करोनामुळे त्या वर्षी परीक्षा झाली नव्हती; अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लावण्यात आला होता. राज्यभरातले सुमारे १६ लाख विद्यार्थी आणि त्यांचे पालक एकाच वेळी संकेतस्थळावर गेले आणि ते कित्येक तास उघडलेच नाही. त्यानंतर ३ ऑगस्टला लागलेला बारावीचा निकाल अनेक संकेतस्थळांवर उपलब्ध करून देण्यात आला.

निकाल काही तास उशिरा दिसला, तर मनस्ताप होतो. पण गुण बदलत नाहीत. मुदतीच्या अर्जाचे तसे नसते. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले आहेत. खरीप पीकविम्यासाठी ३१ जुलै ही मुदत अनेक वर्षे राहिली आहे. सोयाबीन पेरलेल्या शेतकऱ्याला शेवटच्या दिवशी संकेतस्थळाने आत घेतले नाही, तर प्रश्न हंगामाचा होतो. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत असे त्याचे पाच तालुके, तर २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ११ लाख ७७ हजार. जिल्हा ज्या विभागीय मंडळात येतो, ते छत्रपती संभाजीनगरला आहे. रस्त्याने हे अंतर दोनशे किलोमीटरहून अधिक. तेव्हा इथल्या कुटुंबासाठी मंडळाचे दार म्हणजे हातातला मोबाइलच.

लोड बॅलन्सर म्हणजे काय?

लाखो लोकांना एक सर्व्हर पुरत नाही. म्हणून एकाच संकेतस्थळामागे दहा-वीस किंवा त्याहून जास्त सर्व्हर उभे केले जातात. बाहेरच्या जगाला मात्र एकच पत्ता दिसतो. त्या पत्त्यावर आलेली प्रत्येक विनंती मागच्या कोणत्या तरी सर्व्हरकडे वाटून देणारी यंत्रणा म्हणजे लोड बॅलन्सर.

हे वाटप दोन प्रकारे करता येते. पहिल्या प्रकारात मधला प्रोग्राम विनंती पूर्ण उघडून वाचतो आणि मग पुढे पाठवतो. यात निवड बारकाईने करता येते, पण वेळ लागतो. दुसऱ्या प्रकारात पाकिटावरचा पत्ता पाहून ते तसेच पुढे ढकलले जाते. हे काम संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नल, स्वतः करतो. माहितीची ने-आण कर्नल आणि वरच्या प्रोग्राममध्ये करावी लागत नसल्याने हे काम फार वेगाने होते. लिनक्समधली ‘आयपीव्हीएस’ ही अशीच यंत्रणा. चीनमधील वेनसाँग झांग यांनी १९९८ मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पातून ती आली आणि पुढे लिनक्स कर्नलचाच भाग झाली. त्याच सुमारास ऑस्ट्रेलियातील रस्टी रसेल यांच्या पुढाकाराने ‘नेटफिल्टर’ ही यंत्रणा तयार झाली. जानेवारी २००१ मध्ये आलेल्या कर्नलच्या २.४ आवृत्तीपासून लिनक्सवरचे फायरवॉल, पत्ताबदल आणि जोडण्यांची नोंद ही कामे तिच्याकडे आहेत.

पत्ता का बदलावा लागतो?

तहसील कार्यालयाचे उदाहरण घेऊ. नागरिक अर्ज ‘मा. तहसीलदार’ यांच्या नावाने देतो. आवक-जावक लिपिक त्याला क्रमांक देतो, नोंदवहीत लिहितो आणि अर्ज एखाद्या टेबलाकडे पाठवतो. काम त्या टेबलावरचा कर्मचारी करतो, पण उत्तर जाते ते तहसीलदारांच्याच नावाने. अर्जदाराला आत किती टेबले आहेत, हे माहीत नसते आणि ते माहीत असण्याची गरजही नसते.

लोड बॅलन्सर नेमके हेच करतो. मोबाइलवरून आलेल्या पॅकेटवर ‘प्रति’ म्हणून संकेतस्थळाचा जाहीर पत्ता असतो. बॅलन्सर तो खोडून आतल्या एखाद्या सर्व्हरचा पत्ता लिहितो. उत्तर परत येते तेव्हा ‘प्रेषक’ म्हणून सर्व्हरचा आतला पत्ता असतो; तो खोडून पुन्हा जाहीर पत्ता लिहितो. यालाच नेटवर्क अ‍ॅड्रेस ट्रान्सलेशन किंवा ‘नॅट’ म्हणतात.

ही दुसरी खाडाखोड राहून गेली तर? मोबाइलने पत्र एका पत्त्यावर लिहिले आणि उत्तर भलत्याच पत्त्यावरून आले, असे होईल. मोबाइल अशा अनोळखी उत्तराला केराची टोपली दाखवतो. सर्व्हरने निकाल पाठवलेला असतो, पण तो कोणीच स्वीकारत नाही.

मग कनेक्शन ट्रॅकिंग कशासाठी?

एखादे पान उघडण्यासाठी मोबाइल आणि सर्व्हर यांच्यात शेकडो पॅकेटांची ये-जा होते. त्यातले पहिले पॅकेट सहाव्या सर्व्हरकडे गेले आणि दुसरे नवव्याकडे, तर नवव्याला त्या संभाषणाचा पत्ताच नसतो. तो ते झिडकारतो. म्हणून पहिल्या पॅकेटच्या वेळी झालेला निर्णय पुढच्या प्रत्येक पॅकेटला लागू करावा लागतो. त्यासाठी तो लिहून ठेवावा लागतो. ही नोंद ठेवणे म्हणजे कनेक्शन ट्रॅकिंग.

प्रत्येक नोंदीत प्रामुख्याने पाच गोष्टी असतात : पाठवणाऱ्याचा आयपी पत्ता, त्याचा पोर्ट क्रमांक, जिथे पाठवले तो पत्ता, तिथला पोर्ट क्रमांक आणि संवादाचा प्रकार. पोर्ट क्रमांक म्हणजे एकाच पत्त्यावरच्या वेगवेगळ्या खोल्यांचे क्रमांक म्हणता येतील. याशिवाय उत्तर कोणत्या पत्त्याने परत येईल, संभाषण कोणत्या टप्प्यावर आहे आणि नोंद कधी पुसायची, हेही लिहिलेले असते.

आयपीव्हीएस आणि नेटफिल्टर यांच्या नोंदवह्या वेगवेगळ्या आहेत, हा मुद्दा अनेकांच्या नजरेतून सुटतो. बॅलन्सरच्याच यंत्रावर फायरवॉलही चालू असेल, तर एकाच संभाषणाची नोंद दोन वह्यांत होऊ शकते. दोघींचे नियमही वेगळे. काहीही हालचाल नसलेली टीसीपी जोडणी आयपीव्हीएस मूळ मांडणीत १५ मिनिटांनी विसरते, तर नेटफिल्टर ती ५ दिवस लक्षात ठेवतो. आयपीव्हीएसची वही स्मरणशक्ती असेपर्यंत वाढत जाते. नेटफिल्टरच्या वहीला मात्र ठरावीक नोंदींची कमाल मर्यादा घातलेली असते. त्यामुळे वाटप करणारा सुस्थितीत आणि त्याच दारावरचा पहारेकरी अडलेला, असे चित्र दिसू शकते.

नोंदवही भरते कशी?

मूळ मांडणीत ही मर्यादा यंत्राच्या स्मरणशक्तीनुसार ठरते. लहान यंत्रांवर ६५,५३६ आणि मोठ्या यंत्रांवर २,६२,१४४ हे आकडे नेहमी आढळतात. रोजच्या वापराला ते पुरेसे असतात. निकालाच्या दिवसाचे गणित वेगळे असते.

समजा, साडेपंधरा लाख विद्यार्थ्यांपैकी निम्म्यांनी पहिल्या पाच मिनिटांत संकेतस्थळ उघडले. म्हणजे सेकंदाला सुमारे २,६०० जण आले. प्रत्येकाच्या मोबाइलने चार जोडण्या उघडल्या, तर सेकंदाला सुमारे १०,४०० नव्या नोंदी होतील. काम संपून जोडणी बंद झाली, तरी वाटेत रेंगाळलेले एखादे पॅकेट मागाहून येऊ शकते. म्हणून नेटफिल्टर तिची नोंद आणखी १२० सेकंद ठेवतो. अशा वेळी एकाच दारातून सगळी गर्दी येत असेल, तर वहीत एका वेळी सुमारे साडेबारा लाख नोंदी असतील. मर्यादा २,६२,१४४ असेल, तर वही अवघ्या २५ सेकंदांत भरेल. प्रत्येकाची एकच जोडणी धरली, तरी नोंदी तीन लाखांवर जातात.

वही भरली की कर्नल आपल्या दफ्तरात ‘टेबल भरले आहे, पॅकेट टाकून देत आहे’ अशा अर्थाची ओळ लिहितो आणि नवे पॅकेट खरोखरच टाकून देतो. पाठवणाऱ्याला नकार कळवला जात नाही. जे आधी आत गेले, त्यांचे काम मात्र सुरळीत चालू राहते. म्हणूनच शेजारच्याला निकाल दिसतो आणि आपल्याला नाही. नियंत्रण कक्षात बसलेल्या अभियंत्यालाही सर्व्हरवरचा ताण कमीच दिसतो, कारण गर्दी त्यांच्यापर्यंत पोहोचलेलीच नसते.

पुढचा भाग त्याहून त्रासदायक आहे. उत्तर न आल्याने मोबाइल तेच पॅकेट एका सेकंदाने, मग आणखी दोन, मग चार सेकंदांनी असे पुन्हा पाठवत राहतो. त्यातच माणूस कंटाळून पान पुन्हा-पुन्हा रिफ्रेश करतो आणि प्रत्येक वेळी नव्या जोडणीची मागणी जाते. आत जायला मिळालेली पण अर्धवट सोडलेली जोडणीही वहीतली जागा अडवून बसते. गर्दीच गर्दी वाढवते.

कोणत्याही एका संकेतस्थळाच्या बिघाडाचे हे निदान नव्हे. डेटाबेस मंदावणे, बाहेरची वाहिनी अपुरी पडणे अशी इतर कारणेही असतात. पण नोंदवही हा टप्पा असा आहे, की तो सर्व्हर वाढवून सुटत नाही. दहाऐवजी वीस टेबले मांडली, तरी आवक लिपिक एकच असेल आणि त्याच्या वहीची पाने संपली असतील, तर रांग तशीच राहते.

हिंगोलीतल्या मोबाइलचा पत्ता नेमका कोणाचा?

आता नोंदवहीच्या दुसऱ्या टोकाकडे पाहू. इंटरनेटवरच्या जुन्या पद्धतीच्या, म्हणजे आयपीव्ही-४ पत्त्यांची एकूण संख्या सुमारे ४२९ कोटी. पत्ते अपुरे पडणार हे १९९० च्या दशकातच दिसू लागले होते आणि मे १९९४ मध्ये नॅटची कल्पना तांत्रिक दस्तऐवजाच्या रूपात मांडली गेली. फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक साठ्यातले शिल्लक पत्ते संपले. आशिया-प्रशांत विभागात त्याच वर्षी एप्रिलपासून पत्त्यांचे रेशनिंग सुरू झाले. भारतात स्वस्त मोबाइल डेटाची लाट आली ती त्यानंतर.

यावर दूरसंचार कंपन्यांनी काढलेला मार्ग म्हणजे मोठ्या प्रमाणावरचा सामायिक पत्ता. अनेक ग्राहकांना खासगी पत्ते द्यायचे आणि बाहेर जाताना त्या सगळ्यांच्या पॅकेटांवर कंपनीचा एकच जाहीर पत्ता लिहायचा. एप्रिल २०१२ मध्ये अशा वापरासाठी सुमारे ४२ लाख पत्त्यांचा गट स्वतंत्रपणे राखून ठेवण्यात आला. एका जाहीर पत्त्यावर ६५,५३६ पोर्ट असतात. समजा, प्रत्येक ग्राहकाला त्यातले एक हजार दिले, तर साठ-पासष्ट जण एका पत्त्यात मावतात; पाचशे दिले, तर सव्वाशेहून अधिक.

म्हणजे खेड्यातून निकाल पाहणाऱ्याची नोंद एका नव्हे, तर अनेक वह्यांत होते. आपले सरकार केंद्रातल्या संगणकावरून पाहिले, तर आधी तिथल्या राउटरची वही, मग दूरसंचार कंपनीची, मग संकेतस्थळाच्या फायरवॉलची आणि शेवटी लोड बॅलन्सरची. यातली कोणतीही एक भरली, तरी परिणाम तोच : चक्र फिरत राहते.

ग्रामीण वापरकर्त्याला फटका अधिक का?

नोंदींचा भार टाळण्यासाठी काही लोड बॅलन्सर पाठवणाऱ्याच्या पत्त्यावरून सर्व्हर ठरवतात. अमुक पत्त्यावरून आलेले सगळे तिसऱ्या सर्व्हरकडे, असा नियम. शहरातल्या घरोघरच्या ब्रॉडबँडला तो बऱ्यापैकी लागू पडतो. पण एका सामायिक पत्त्यामागे शंभर-दोनशे मोबाइल असतील, तर ते सगळे एकाच सर्व्हरवर कोसळतात. बाकीचे सर्व्हर मोकळे राहतात.

दुसरी अडचण संरक्षणाच्या नियमांची. हल्ले रोखण्यासाठी ‘एका पत्त्यावरून मिनिटाला इतक्याच जोडण्या’ अशी मर्यादा घातली जाते. त्या यंत्रणेला सामायिक पत्त्यामागची अनेक गावांतली माणसे एकच उतावीळ माणूस वाटतात आणि ती दार बंद करते. ज्याच्या घरी स्वतंत्र ब्रॉडबँड आहे, त्याला हा नियम जाणवत नाही. मोबाइल डेटाखेरीज ज्याच्याकडे काही नाही, तो त्यात सापडतो.

तिसरी अडचण कच्च्या सिग्नलची. डेटा तुटून पुन्हा जोडला गेला, की मोबाइलला नवा पत्ता किंवा नवा पोर्ट मिळू शकतो. जुनी जोडणी व्यवस्थित बंद झालेली नसते. त्यामुळे तिची नोंद वहीत तशीच पडून राहते आणि मोबाइल नवी नोंद मागत दारात उभा असतो. नियम लिहिणाऱ्याच्या मनात यातला भेदभाव नसतो. पण ‘एक पत्ता म्हणजे एक माणूस’ हे त्याने धरलेले गृहीतक इथे लागू पडत नाही.

उपाय काय?

पहिला उपाय सर्वांत स्वस्त आहे. नेटफिल्टरच्या एका नोंदीला साधारण ३०० बाइट लागतात. दहा लाख नोंदी म्हणजे सुमारे ३०० एमबी. आजच्या सर्व्हरच्या मानाने ही जागा किरकोळ आहे. म्हणजे मर्यादा बहुतेक वेळा यंत्राची नसते; कोणी न बदललेल्या एका आकड्याची असते. तो वाढवताना वहीची अनुक्रमणिकाही वाढवावी लागते, नाहीतर पाने भरपूर पण नोंद शोधायलाच वेळ, अशी गत होते. त्याबरोबर बंद जोडणीची नोंद १२० ऐवजी ३० सेकंद ठेवली, तर वरच्या उदाहरणातल्या साडेबारा लाख नोंदी सुमारे तीन लाख बारा हजारांवर येतात.

दुसरा उपाय, गरज नसलेली नोंद टाळणे. जाहीर निकाल दाखवणाऱ्या दारावर फायरवॉलच्या वहीत प्रत्येक संभाषण लिहिणे आवश्यकच असते असे नाही. नेटफिल्टरमध्ये ठरावीक वाहतूक नोंदीतून वगळता येते.

तिसरा, उत्तर थेट पाठवणे. आयपीव्हीएसच्या ‘डायरेक्ट रूटिंग’ पद्धतीत पॅकेटवरचा पत्ता बदलला जात नाही. प्रत्येक सर्व्हरकडे जाहीर पत्ता असतो आणि तो उत्तर त्या नावाने थेट मोबाइलकडे पाठवतो. जणू प्रत्येक टेबलाकडे तहसीलदारांचा शिक्का असतो. प्रश्नापेक्षा उत्तर सहसा मोठे असते. ते बॅलन्सरला टाळून गेल्याने त्याच्यावरचा भार खूप घटतो.

चौथा, स्मरणाऐवजी गणित. २०१६ मध्ये गूगलने ‘मॅग्लेव्ह’ आणि २०१८ मध्ये फेसबुकने ‘कॅट्रान’ या आपल्या लोड बॅलन्सरची माहिती खुली केली. त्यात पत्ता आणि पोर्ट यांवर एक गणिती क्रिया करून सर्व्हर ठरवला जातो. तेच आकडे दिले की उत्तर दर वेळी तेच येते, त्यामुळे एखादी नोंद हरवली तरी संभाषण बहुतेक वेळा योग्य ठिकाणीच पोहोचते. पोर्टही हिशेबात असल्याने सामायिक पत्त्यामागचे मोबाइल वेगवेगळ्या सर्व्हरवर विभागले जातात.

पाचवा आणि मुळाशी जाणारा उपाय म्हणजे आयपीव्ही-६. त्यात पत्त्यांची टंचाईच नाही, त्यामुळे सामायिक पत्त्याची गरज उरत नाही. केंद्र सरकारने त्यासाठीचा राष्ट्रीय आराखडा २०१० मध्येच जाहीर केला होता. देशातले बरेच मोबाइल आज आयपीव्ही-६ वापरतात. पण समोरचे संकेतस्थळ जुन्याच पद्धतीचे असेल, तर वाटेत पुन्हा भाषांतर करावेच लागते.

चाचणी कशाची घ्यावी?

संकेतस्थळ उभारताना ‘एका वेळी किती वापरकर्ते’ हा आकडा निविदेत लिहिला जातो. तेवढे पुरेसे नाही. सेकंदाला किती नव्या जोडण्या दार झेलू शकते, जास्तीत जास्त किती नोंदी एका वेळी राहू शकतात आणि शेकडो वापरकर्ते एकाच पत्त्यावरून आले तर काय होते, या तीन प्रश्नांची उत्तरे निकालाआधी किंवा मुदतीआधी तपासायला हवीत. चाचणी घेणारी यंत्रे सहसा डेटा सेंटरमध्ये, पक्क्या जोडणीवर असतात. कळमनुरीतल्या एखाद्या वाडीवरून येणारी तुटक वाहतूक त्यात उमटत नाही. ती मुद्दाम उमटवावी लागते.

वापरकर्त्याच्या हातात फार थोडे आहे. पान उघडत नसेल, तर सतत रिफ्रेश न करता काही मिनिटे थांबणे, मंडळाने दिलेली दुसरी संकेतस्थळे किंवा डिजिलॉकर वापरणे आणि मुदतीचा अर्ज शेवटच्या दिवसावर न ठेवणे, एवढेच. मुदत ठरवणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. वही भरल्यामुळे परत गेलेल्या माणसाची कुठेच नोंद झालेली नसते. त्यामुळे शेवटच्या दिवशी किती अर्ज आले, हे दफ्तर सांगते. पण किती जण दारातूनच परतले, हे त्या दफ्तरात शोधून सापडत नाही. त्याचा अंदाज टाकून दिलेल्या पॅकेटांच्या मोजणीतून बांधावा लागतो. ही मोजणी कर्नल ठेवत असतोच. मुदत वाढवायची की नाही, हे ठरवण्याआधी ती एकदा मागवून पाहणे अवघड नाही.